काळी पाच

सांगलीच्या गावभागातल्या त्या घरातल्या रेकॉर्डी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तेव्हा खालचं कपाट गेलं, धान्याची कोठी गेली, हार्मोनियमचा भाता कुजला. तंबोरा तेवढा बाईंनी पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच उचलून शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला होता. पूर ओसरल्यावर बाईंचा मुलगा माधव पुण्याहून आला. त्याने शिडी लावून माळ्यावर पाहिलं, तर वडिलांची लाकडी पेटी जशीच्या तशी कोरडी. आत दीडशेच्या आसपास एलपी उभ्या लावलेल्या, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ७८ फेऱ्यांच्या काही जड तबकड्या.

वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. पगार झाला की जमेल तशी एखादी रेकॉर्ड घ्यायची, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यभर केली. बाई गाणं शिकवत. अख्ख्या गावभागात त्यांना नाव लागत नसे, नुसतं बाई म्हटलं की पुरे. वडिलांनी आणलेल्या रेकॉर्डींमधली एक यमनची होती, त्यांच्या आवडत्या गायिकेची. त्या बाई काळी पाचात, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गायच्या आणि आपल्या बाईंचीही पट्टी तीच. रोज पहाटे ती रेकॉर्ड लावायची, तंबोरा तिच्या षड्जाला मिळवायचा, मग प्लेअर बंद करून तासभर रियाज करायचा, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. पुढे तो पेटीवजा प्लेअर बिघडला, दुरुस्त करणारा म्हातारा झाला, त्याचं दुकान बंद पडलं, आणि रेकॉर्डी माळ्यावर गेल्या.

कोरडी पेटी पाहिली त्याच दिवशी माधवने मनाशी ठरवलं की आईच्या सत्तरीला तिला रेकॉर्ड प्लेअर द्यायचा, आणि द्यायचा तो उत्तमच.

माधव इंजिनियर. कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचा मुळापासून अभ्यास करायचा, ही त्याची सवय. त्याने वाचायला सुरुवात केली आणि टर्नटेबलांच्या जगात किती जुनी भांडणं आहेत ते त्याला कळत गेलं. मोटर फिरवते कशी, यावरूनच तीन पंथ. रबरी चाकाने तबकडी फिरवणारी इंग्लंडची गॅरार्ड ३०१, १९५४ सालची, अजूनही लोक जपून वापरतात. जोर भरपूर, पण मोटरची घरघर सुईपर्यंत पोचू नये म्हणून फार काळजी घ्यावी लागते. रबरी पट्ट्याने फिरवलं की ती घरघर पट्टाच बऱ्याच अंशी गिळतो. सत्तरच्या दशकात स्कॉटलंडच्या लिन कंपनीने याच पद्धतीचं यंत्र काढलं आणि सांगायला सुरुवात केली की स्पीकर राहू द्या, पहिला पैसा टर्नटेबलवर घाला, कारण खोबणीतून जे उचललंच नाही ते पुढे कुठलाही अँप्लिफायर परत आणू शकत नाही. तिकडे जपानच्या टेक्निक्सने १९७२ मध्ये एसएल १२०० आणलं. त्यात मोटर थेट तबकडीखालीच; गती घट्ट, पट्टा सैल पडायची भीती नाही. पुढे डीजे लोकांनी ते जगभर नेलं. मला विचाराल तर या तिन्ही पंथांत खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाने एकेक दुखणं बरं केलं आणि एकेक नवं पत्करलं. पण वाचणाऱ्याला वाटत राहतं की यातलं एक खरं असणार आणि बाकीची चूक, आणि ते एक आपल्याला सापडलंच पाहिजे.

माधवला ते सापडलं असं वाटलं. न्यू जर्सीतल्या चुलतभावाने तिथल्या एका जुन्या सामानाच्या विक्रीतून सत्तरच्या दशकातला एक प्लेअर घेतला होता. नाव मोठं, बैठक अक्रोडाच्या लाकडाची, पट्ट्यावर चालणारा, वजनाने चांगला दणदणीत. भाऊ दिवाळीला येताना तो कपड्यांत गुंडाळून घेऊन आला. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणून माधवने आपल्याकडचे २३० व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. पहिल्यांदा लावलं तेव्हा आवाज अगदी बारीक आणि पत्र्यासारखा आला. त्याचं कारण माधवला ठाऊक होतं. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात आणि वरचे उचलतात, म्हणजे खोबणी अरुंद राहते आणि खरखर कमी ऐकू येते. अमेरिकेत १९५४ साली ठरलेलं हे प्रमाण पुढे सगळीकडे रूढ झालं. वाजवताना ते उलटं फिरवावं लागतं, आणि सुई बसवलेल्या कार्ट्रिजमधून येणारे व्होल्टचे जेमतेम चार-पाच हजारावे भाग वाढवावेही लागतात. हे काम करणारी फोनोची डबी त्याने मधे जोडली आणि घर आवाजाने भरून गेलं.

सत्तरीच्या दिवशी शेजारीपाजारी जमले. यमन लागला. आवाज इतका भारदस्त, इतका खोल, की बसलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी म्हणालं, मोबाइलवर ऐकतो ते गाणंच नव्हे. कुणी म्हणालं, जुन्या रेकॉर्डींत जी ऊब असते ती हीच. माधव सुखावला. बाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "छान आहे हो. फार खर्च केलास."

पुढचे तीन महिने माधव दर रविवारी फोन करून विचारी, "आई, ऐकतेस ना?" बाई म्हणायच्या, "ऐकते की." फेब्रुवारीत तो घरी आला तर प्लेअरवर विणलेला रुमाल घातलेला होता आणि रुमालावर धूळ. त्याने विचारायच्या आत बाईच म्हणाल्या, "गाडी घेऊन आलायस तर मिरजेला जाऊन येऊ. तंबोऱ्याची जवारी बघून घ्यायची आहे. हल्ली बोलतच नाही तो."

मिरज दहा-बारा किलोमीटर. दर्ग्याच्या अलीकडे सतारमेकरांची दुकानं आहेत. मूळची ही शिकलगार घराणी, शस्त्रांचं काम करणारी. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यांचे हात तंतुवाद्यांकडे वळले, आणि आज देशभरच्या मैफलींत मिरजेचे तंबोरे वाजतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. इथल्याच दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी उरुसात गाणं होतं. माधवच्या वडिलांच्या पेटीत तळाशी ज्या ७८ च्या तबकड्या होत्या, त्यांतल्या काही खाँसाहेबांच्याच.

सतारमेकरांच्या एका दुकानात तिथले चाचा खाली बसून एका भोपळ्याला पॉलिश करत होते. समोर एक गृहस्थ उभे होते, बरोबर बारा-तेरा वर्षांची मुलगी. गृहस्थ भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या, हस्तिदंती रंगाची नक्षी केलेल्या तंबोऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो दाखवा. पैशाचं बघू नका, सगळ्यात भारी असेल तो द्या."

चाचांनी हात पुसले. "गाणार कोण?"

"ही. माझी मुलगी."

"कुठल्या पट्टीत गातेस बाळ?"

मुलगी लाजत म्हणाली, "काळी चार."

"मग हा तुला नको. हा मर्दानी आहे, काळी एकचा. याला तुझ्या पट्टीला ताणला तर तारा तुटतील, आणि ढिला ठेवला तर तुझं गाणं बसेल." त्यांनी मागून एक लहान, साधा, जवळजवळ नक्षी नसलेला तंबोरा काढून तिच्या मांडीवर दिला. हात कुठवर पोचतो, बोटं तारेवर कशी पडतात ते बघितलं. गृहस्थांचा चेहरा पडला. त्यांना भारी वस्तू घेऊन घरी जायचं होतं. पण मुलीने तार छेडली तशी ती हसली, आणि मग पुढचं बोलणं किमतीचंच राहिलं.

माधव हे सगळं बघत होता, पण त्याला अजून काही लागलं नव्हतं.

चाचांनी बाईंचा तंबोरा हातात घेतला. घोडीवरचे सुताचे धागे एकेक करून किंचित मागेपुढे केले, खुंट्या पिळल्या, मणी सरकवले आणि काळी पाचात लावून छेडला. तंबोरा नुसता घुमला. पंचमामागून जोड, जोडामागून खर्ज, आणि त्यातून आपोआप उमटणारा गंधार, सगळं स्वच्छ.

"बाई, जवारी एकदम उत्तम आहे. याला हात लावायची गरज नाही."

"घरी तर फडफडतो. तारा ढिल्या पडतात."

"लावता कशाला?"

"रेकॉर्डला. पूर्वी लावायची तशीच." बाई थांबल्या. मग मुलाकडे न बघता म्हणाल्या, "रेकॉर्ड आता पांढरी पाचात ऐकू येते मला. त्या काळी पाचात गायच्या, ते मला पक्कं ठाऊक आहे. पण कानाला पांढरी पाच येते. म्हणून आधी वाटलं तंबोरा उतरला. मग वाटलं, वय झालं, कानच उतरला असेल. महिनाभर मुलींची शिकवणी बंद ठेवलीय. चुकीचा सूर देण्यापेक्षा न दिलेला बरा."

माधवला हे काहीच माहीत नव्हतं. तीन महिने आपण फोनवर 'ऐकतेस ना' विचारत होतो आणि इकडे आईने शिकवणं सोडलं होतं.

"आई, तू मला बोलली का नाहीस?"

"तू एवढं सगळं वाचून, अमेरिकेतून मागवून आणलंस. लोक म्हणाले केवढा आवाज. त्यात माझं एकटीचंच वेगळं म्हणजे दोष माझाच असणार, नाही का?"

चाचा एकदम ताठ बसले. "का म्हणून? तुमचा कान पन्नास वर्षांचा, यंत्र तीन महिन्यांचं. दोघांत शंका कुणावर घ्यायची?" मग माधवला म्हणाले, "घरी जाऊन तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा. घड्याळ लावून तीन मिनिटं फेरे मोजा. एलपी असेल तर तीन मिनिटांत शंभर फेरे झाले पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही."

मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजे तीन मिनिटांत शंभर. एलपी १९४८ मध्ये कोलंबियाने बाजारात आणली तेव्हापासून गती तीच आहे, आणि ती तपासायला कपटा आणि घड्याळ याहून जास्त काही लागत नाही.

संध्याकाळी घरी मोजणी झाली. माधवने मोबाइलवर वेळ लावली. मोजलं बाईंनी, मांडीवर हाताने मात्रा धरून. त्र्याऐंशी. पुन्हा मोजलं. पुन्हा त्र्याऐंशी.

माधवला तेव्हा उलगडा झाला. तो इंजिनियर होता. शंभराला त्र्याऐंशी म्हणजे साठाला पन्नास, हे त्याला कागदाशिवाय कळलं. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडची ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, आवर्तनं त्याच्या हातात नसतात. त्या काळच्या पट्ट्याच्या बऱ्याच प्लेअरांत मोटरची गती त्या आवर्तनांवरच चालायची. त्यामुळे प्लेअर इथे आल्यापासून एक षष्ठांश हळू फिरत होता. २० मिनिटांची बाजू २४ मिनिटं वाजत होती आणि गाणं तीन पट्ट्या खाली आलं होतं: काळी पाचावरून पांढरी सहा, मग काळी चार, मग पांढरी पाच. सत्तरीच्या दिवशी जिला लोकांनी रेकॉर्डीची ऊब म्हटलं होतं, ती एका गायिकेच्या आवाजाला लागलेली उतरती कळा होती. तिचा तरुण, टोकदार आवाज कुणीही ऐकलाच नव्हता.

इथे मला थांबून सांगावंसं वाटतं. घरात नवीन यंत्र आलं की आपण माणसांना त्याच्याशी जुळवून घ्यायला लावतो. फार कौतुकाने, फार प्रेमाने लावतो. समोरचं माणूस म्हातारं असेल आणि त्यातून आई असेल, तर ती तक्रार करतच नाही. ती स्वतःवरचा भरवसा कमी करून घेते. माधवचं प्रेम खरं होतं आणि अभ्यासही खरा होता. पण त्या अभ्यासात आईला एकदाही काही विचारलेलं नव्हतं.

माधवचा पहिला विचार प्लेअर दुरुस्त करायचा. ५० आवर्तनांच्या देशांसाठी त्या बनावटीची वेगळी पुली मिळते. मोटरच्या दांड्यावर ती बसवली की गती बरोबर. त्याने तिथल्या तिथे ती शोधूनही काढली. "पंधरा दिवसांत येईल, आई. मग बरोबर काळी पाचात वाजेल."

बाई म्हणाल्या, "येऊ दे. पण हा प्लेअर पुण्याला तुझ्याकडे ठेव."

"का?"

बाईंनी उजवा हात पुढे केला. बोटं बारीक थरथरत होती. "ही सुई हाताने उचलून खोबणीत ठेवायची. माझ्याकडून एकदा घसरली तर तुझ्या बाबांची रेकॉर्ड जाईल. ती पुन्हा कुठे मिळणार? दुपारी ऐकता ऐकता डोळा लागतो. बाजू संपली तरी सुई आत घासत फिरत राहते. जाग येते ती त्या टकटकीने. या भीतीत गाणं ऐकू येत नाही रे."

माधव बराच वेळ गप्प बसला. दुकानातला तो मोठा तंबोरा आणि 'गाणार कोण' हा प्रश्न आता त्याच्यापर्यंत पोचला होता. रात्री त्याने वही काढली. आधीच्या वहीत ड्राइव्ह, लाकूड, आर्मची लांबी, देशोदेशींची नावं होती. आता त्याने आईला विचारून लिहिलं: सुई आपोआप खाली यावी आणि बाजू संपली की आपोआप उठून परत जावी. गती विजेच्या आवर्तनांवर अवलंबून नसावी, म्हणजे डीसी मोटर किंवा क्वार्ट्झवर बांधलेली गती. सुईचं वजन दोन ग्रॅमच्या आसपास ठेवता यावं. झिजलेली सुई गावात कुणाची मदत न घेता काढून नवी बसवता यावी. फोनोची वेगळी डबी आणि तिच्या तारांचा गुंता नको. तो भाग आतच असावा.

"७८ चं काय?" माधवने विचारलं. त्या वेगाने फिरणारी, आपोआप चालणारी यंत्रं फार थोडी, आणि ७८ ची खोबणी रुंद असल्याने तिला सुईही वेगळी, जाड टोकाची लागते. एलपीच्या सुईने ती वाजवली तर सुई तळाशी खडखडत जाते.

बाईंनी क्षणभर विचार केला. "त्या दहा-बारा आहेत, एलपी दीडशे. दहासाठी दीडशेंची गैरसोय नको. खाँसाहेबांना वर्षातून एकदा तुझ्याकडे येऊन ऐकेन. तू त्याच्यासाठी वेगळं यंत्र कर."

हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. सगळं एकाच यंत्राने व्हावं, या हट्टापायी कितीतरी चुकीची यंत्रं घरांत येतात.

पुढच्या आठवड्यात दोघं पुण्यातल्या एका दुकानात गेली. बाईंनी यमनची रेकॉर्ड साडीच्या जुन्या घडीत गुंडाळून बरोबर घेतली होती आणि पर्समध्ये छोटा इलेक्ट्रॉनिक तंबोरा. दुकानदाराने नेहमीचा प्रश्न विचारला, बजेट किती. माधव म्हणाला, "ते नंतर. आधी आई ऐकेल."

पहिलं यंत्र सुटकेससारखं, झाकणाचं, स्पीकर आतच असलेलं. तरुण मुलं आवडीने घेतात. बाईंनी पर्समधला तंबोरा काळी पाचात लावून कानाशी धरला आणि मिनिटभरात मान हलवली. लांब धरलेला षड्ज पाण्यावर हलावा तसा हलत होता. माधवने दुकानदाराकडून छोटा वजनकाटा घेऊन सुईचं वजन बघितलं: पाच ग्रॅमच्या वर. अडीचपट भार रोज खोबणीत फिरवायचा म्हणजे रेकॉर्ड हळूहळू खरवडून काढायची. स्पीकर त्याच पेटीत असल्याने त्यांची थरथरही सुईत शिरत होती. ते बाजूला झालं.

दुसरं यंत्र फार सुंदर होतं. काचेची तबकडी, कार्बनचा आर्म. षड्ज रेषेसारखा स्थिर. बाई मनापासून म्हणाल्या, "वा." मग आर्म उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दुकानदार म्हणाला, सवय होईल. माधव म्हणाला, "सवय तिला नको लावायला."

तिसरं काळं, चौकोनी, कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही असं. बाईंनी बटण दाबलं. आर्म स्वतःच उठला, रेकॉर्डच्या कडेला गेला, सावकाश खाली टेकला. पर्समधला तंबोरा आणि गायिकेचा षड्ज एकमेकांत मिसळून गेले. दोन आवाज वेगळे काढता येईनात. गाणं सुरू झालं तसं बाईंनी मांडीवर ताल धरला, एका तानेला "हां" म्हणाल्या, आणि दुकानदाराला म्हणाल्या, "पूर्ण बाजू ऐकली तर चालेल का?" दुकानदाराने खुर्ची आणून दिली. वीस मिनिटांनी आर्म आपोआप उठला आणि जागेवर जाऊन बसला.

ते यंत्र घेतलं. दुसऱ्याच्या जेमतेम एक तृतीयांश किंमत. कंपनीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण वाचणारा तेवढंच लक्षात ठेवील, आणि ते नाव त्याच्या घराचं उत्तर असेलच असं नाही.

वाचलेले पैसे माधवने वेगळीकडे घातले. भिंतीत पक्के ब्रॅकेट मारून जाड फळी बसवली, स्पीकरपासून लांब, म्हणजे त्यांची थरथर प्लेअरपर्यंत पोचू नये आणि कुणी जमिनीवर जोरात पाऊल टाकलं तरी सुई उडू नये. गवंड्याकडून पाणसळ मागून आणून फळी दोन्ही अंगांनी सम केली. आर्म मोकळा सोडून मागचं वजन फिरवत तो हवेत तरंगेपर्यंत आणला, आकडा शून्यावर घेतला, मग दोनवर. आतल्या बाजूला ओढ बसू नये म्हणून अँटिस्केटिंगही तेवढंच. सुईची एक जोडी आधीच आणून ठेवली, कारण बहुतेक सुयांचं आयुष्य काही शे तासांचं असतं आणि झिजलेली सुई आवाजात कळण्याआधीच रेकॉर्ड कापायला लागते. पुरानंतरच्या ओलसर हवेत एलपींवर बुरशीचे ठिपके आले होते. त्या डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापडाने एकेक करून पुसल्या, पाणी मधल्या लेबलाला लागू न देता. ७८ च्या तबकड्या नुसत्या कोरड्या ब्रशने झाडल्या. त्या लाखेच्या असतात, स्पिरिट लागलं तर लाख विरघळते.

फळी बसल्यावर बाईंनी पुन्हा कपटा चिकटवायला लावला. तीन मिनिटं. शंभर.

मग तंबोरा काढला. रेकॉर्डच्या षड्जाला मिळवला. पंचमाची तार किंचित चढवावी लागली, तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलींना निरोप पाठवला की शिकवणी सोमवारपासून.

अक्रोडाचा प्लेअर आता पुण्यात माधवकडे आहे. पुली बसल्यापासून तोही बरोबर फिरतो, आणि माधव रात्री त्यावर ऐकतो. त्याचे हात थरथरत नाहीत, सुई ठेवायला त्याला आवडतं, बाजू संपली की उठायला त्याला त्रास होत नाही. त्याच्यासाठी ते यंत्र उत्तमच आहे.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल आणि यंत्र घ्यायचं मनात असेल, तर दुकानात जाताना त्यातली सगळ्यात जास्त ऐकलेली रेकॉर्ड बरोबर न्या, आणि जिने किंवा ज्याने ती ऐकली त्या माणसालाही न्या. बटण त्यांना दाबू द्या, आर्म त्यांना उचलू द्या, पूर्ण बाजू त्यांना ऐकू द्या. तेवढा वेळ द्यायला दुकानदार तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.